म्हातारपणी वेग घेणाऱ्या ताऱ्यांची नाडी

८ मार्च २०१६ रोजी भारताचा ॲस्ट्रोसॅट उपग्रह आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला असलेल्या एका क्ष-किरण स्रोताकडे रोखलेला होता. स्रोताचं नाव रुक्ष : ४यू १७२८-३४. त्या निरीक्षणातली पृथ्वीभोवतीच्या एकाच फेरीतली, जेमतेम तीन हजार सेकंदांची नोंद शास्त्रज्ञांनी तपासायला घेतली. बराच वेळ स्रोत एका पातळीवर चमकत होता. नोंद संपत आली आणि अचानक भडका उडाला, वीसेक सेकंदांत तो विझलाही. पण त्या भडक्याच्या पहिल्या चार सेकंदांत क्ष-किरणांची तीव्रता ठरावीक तालात कमी-जास्त होत होती. सुरुवातीला सेकंदाला साधारण ३६१.५ वेळा, मग वाढत वाढत ३६३.५ वेळा.

हा ताल त्या स्रोतातल्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या स्वतःभोवती फिरण्याचा. सूर्याहून जड असलेली, पण २४-२५ किलोमीटर व्यासाची एक वस्तू सेकंदाला ३६३ गिरक्या घेत होती. आणि हे काही तरुण ताऱ्याचं लक्षण नाही. न्यूट्रॉन तारा जन्मतो तेव्हा वेगात असतो, मग मंदावत जातो. इतका वेग पुन्हा मिळवणारे तारे म्हातारे असतात. शेजारच्या ताऱ्याचा पदार्थ लक्षावधी-कोट्यवधी वर्षं ओढून घेत त्यांनी हा वेग कमावलेला असतो. या कमाईचा हिशेब क्ष-किरणांतून कसा वाचतात, त्याची ही गोष्ट आहे. आणि ती वाचणाऱ्या, मुंबईत घडलेल्या एका यंत्राची.

चित्र न काढणारी दुर्बीण

ही नोंद करणारं उपकरण म्हणजे लार्ज एरिया झेनॉन प्रपोर्शनल काउंटर, बोलण्यात लॅक्सपीसी. त्यात आरसा नाही, भिंग नाही आणि त्यातून चित्रही मिळत नाही. मिळते ती यादी : अमुक क्षणी अमुक ऊर्जेचा एक किरण आला. पण त्या यादीतली वेळ १० मायक्रोसेकंदांपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या एक लाखाव्या भागापर्यंत काटेकोर असते. हजारो प्रकाशवर्षं दूरचा, एखाद्या शहराएवढा तारा कुठल्याही दुर्बिणीला ठिपक्यापलीकडे दिसणार नाही. तेव्हा चित्राचा नाद सोडायचा आणि वेळ मोजायची, हा या अभ्यासाचा मूळ व्यवहार.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, या उपकरणाच्या तीन एकसारख्या पेट्या तयार झाल्या. प्रत्येक पेटीत मुख्यतः झेनॉन आणि थोडं मिथेन यांचं मिश्रण, वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली भरलेलं. आत मीटरभर लांबीचे आणि तीन सेंटिमीटर रुंदीचे साठ कप्पे, पाच थरांत रचलेले. प्रत्येक कप्प्याच्या मधोमध ताणलेली एक बारीक तार. पेटीच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या मायलरची खिडकी, जाडी फक्त ५० मायक्रॉन. खिडकी जाड केली तर कमी ऊर्जेचे किरण तिथेच अडतील. पातळ केली तर दाब सोसणार नाही. म्हणून तिला मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचा आधार दिलेला आहे.

क्ष-किरण आत शिरून झेनॉनच्या अणूवर आदळला की अणूतून इलेक्ट्रॉन सुटतात. मधल्या तारेवर दोन हजार व्होल्टांहून जास्त विद्युतदाब असतो, त्यामुळे ते तिच्याकडे धावतात, वाटेत आणखी अणू फोडतात आणि तारेपाशी पोचेपर्यंत त्यांचा लोंढा होतो. लोंढा मूळ किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात असतो, म्हणून तो मोजला की ऊर्जा कळते. मिथेनचं काम लोंढ्याला आवर घालण्याचं. आत ऑक्सिजनचा किंवा पाण्याच्या वाफेचा अंश राहिला तर तो इलेक्ट्रॉन गिळतो आणि मोजणी बिघडते. यासाठी वायू शुद्ध करण्याची सोय उपकरणातच आहे. अवकाशातले भटके विद्युतभारित कणही पेटीत घुसतात. असा कण सहसा एकाच वेळी अनेक कप्प्यांत किंवा कडेच्या संरक्षक कप्प्यांत खूण सोडतो, त्यामुळे तो ओळखून बहुतेक वेळा यादीतून वगळता येतो.

तिन्ही पेट्या मिळून क्ष-किरण टिपणारं प्रभावी क्षेत्रफळ सुमारे ६,००० चौरस सेंटिमीटर. वेळेच्या मोजणीत क्षेत्रफळाला फार मोल असतं, कारण सेकंदाच्या हजाराव्या भागात होणारा बदल ओळखायचा तर तेवढ्या वेळात पुरेसे किरण हाती लागले पाहिजेत. नासाच्या रॉसी उपग्रहावरच्या उपकरणाचं क्षेत्रफळही याच पातळीचं होतं. पण त्यात झेनॉन एका वातावरणाच्या दाबाने भरलेला असल्याने जास्त ऊर्जेचे बरेच किरण आरपार निघून जात. लॅक्सपीसी ८० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे किरण टिपते. ४यू १७२८-३४ च्या त्याच नोंदीत, भडक्याच्या आधी, सेकंदाला ८१५ पासून ८५० पर्यंत सरकत जाणारी आणखी एक थरथर सापडली. ताऱ्याला जवळजवळ खेटून फिरणाऱ्या पदार्थाची ही खूण मानतात. १० ते २० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात या स्रोताची ही थरथर रॉसीच्या हाती लागली नव्हती.

हे यंत्र एकाएकी उगवलेलं नाही. वातावरण क्ष-किरण शोषून घेतं, म्हणून टीआयएफआरचे शास्त्रज्ञ साठच्या दशकाच्या अखेरीपासून हैदराबादहून मोठे फुगे सोडून त्यांच्यासोबत क्ष-किरण उपकरणं वर पाठवत आले. १९७५ च्या आर्यभट्टवर क्ष-किरण उपकरण होतं, १९९६ मध्ये आयआरएस-पी३ उपग्रहावर आरगॉनचे गणक गेले. प्रल्हाद चंद्र अग्रवाल यांच्या पुढाकाराने पुढे आलेली ॲस्ट्रोसॅटची कल्पना २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी३० ने प्रत्यक्षात नेली. कक्षा ६५० किलोमीटर उंचीवर आणि विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांचा कल ठेवून निवडली गेली, म्हणजे दक्षिण अटलांटिकवरच्या किरणोत्सारी पट्ट्याचा उपद्रव कमीत कमी होईल.

मेलेला स्पंदक पुन्हा उठतो

न्यूट्रॉन ताऱ्याचं एकट्याचं आयुष्य तसं सरळ आहे. महाताऱ्याचा स्फोट होतो, गाभा कोसळतो आणि मागे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाचा घट्ट गोळा उरतो. इ.स. १०५४ मध्ये दिसलेल्या स्फोटातून जन्मलेला क्रॅब स्पंदक आज ३३ मिलिसेकंदांत एक गिरकी घेतो आणि रोज किंचित मंदावतो. चुंबकक्षेत्र आणि गिरकी यांच्या जोरावर रेडिओ लहरी सोडत राहायचं, फिरण्याची ऊर्जा त्यात घालवायची आणि काही कोटी वर्षांत गप्प व्हायचं. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना पहिला स्पंदक सापडला, त्यानंतर पंधरा वर्षं चित्र साधारण हेच होतं. काही अपवाद खटकत होते, पण चित्र मोडेल इतके नव्हे.

१९८२ मध्ये ते मोडलं. डोनाल्ड बॅकर आणि सहकाऱ्यांनी अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने एक स्पंदक शोधला, तो सेकंदाला ६४२ वेळा फिरत होता. या चमूत बर्कलीचा एक संशोधक विद्यार्थी होता : श्रीनिवास कुलकर्णी, जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. एवढा वेगवान तारा नुकताच जन्मलेला असायला हवा होता. पण भोवती स्फोटाचा अवशेष नव्हता आणि मंदावण्याचा दर नगण्य होता.

उत्तर त्याच वर्षी दोन ठिकाणांहून आलं. अमेरिकेतून अल्पार, चेंग, रुडरमन आणि शाहम यांचा शोधनिबंध. आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतून व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांचा, ‘करंट सायन्स’मध्ये. दोघांचं म्हणणं असं की हा तारा म्हातारा आहे आणि कधीकाळी त्याला जोडीदार होता. जोडीदार वयानुसार फुगला, त्याचा पदार्थ न्यूट्रॉन ताऱ्याकडे वाहू लागला, भोवती तबकडी तयार झाली आणि तबकडीतला पदार्थ फिरत फिरत ताऱ्यावर पडत राहिला. कुंभार चाकाच्या खाचेत काठी घालून त्याला गती देतो, तसा पडणारा पदार्थ ताऱ्याला गती देतो. सूर्याच्या दहाव्या भागाएवढा पदार्थ मिळाला तरी मिलिसेकंदांच्या गिरकीला तो पुरतो. याच काळात ताऱ्याचं चुंबकक्षेत्र हजारो पटींनी क्षीण होतं, म्हणून नंतर तो फार हळू मंदावतो आणि अब्जावधी वर्षं बोलता राहतो. या सगळ्या विचाराची सविस्तर मांडणी दीपंकर भट्टाचार्य आणि एडवर्ड व्हॅन डेन ह्यूव्हेल यांनी १९९१ च्या एका प्रदीर्घ लेखात केली. भट्टाचार्य पुढे पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेत होते.

सिद्धांत देखणा होता, पण मधला टप्पा कुणी पाहिला नव्हता. गती घेण्याआधीचे तारे क्ष-किरणांत दिसत होते, गती घेतलेले रेडिओत. पदार्थ पडतोय आणि त्याच वेळी तारा मिलिसेकंदांत फिरतोय, असं दाखवणारा एकही साक्षीदार नव्हता. कारण साधं होतं : तेवढ्या बारीक वेळेत मोजणारं, तेवढ्या क्षेत्रफळाचं क्ष-किरण यंत्रच वर नव्हतं.

सातव्या दशांश स्थळावरचं म्हातारपण

रॉसी उपग्रह ३० डिसेंबर १९९५ रोजी गेला आणि दोन-अडीच वर्षांत कोंडी फुटली. १९९६ मध्ये ४यू १७२८-३४ च्याच भडक्यांत ३६३ हर्ट्झचा ताल पहिल्यांदा दिसला. ताऱ्यावर पडलेला पदार्थ साचतो, तळाशी दाबला जातो आणि एका क्षणी अणुसंमीलनाने पेटतो. आग एका जागी लागून पसरते, त्यामुळे तारा फिरताना तप्त बाजू समोर येते आणि जाते. ताल ३६१.५ वरून ३६३.५ कडे का सरकतो, याचं एक स्पष्टीकरण असं, की पेटलेला थर आधी फुगतो, पसरल्यामुळे थोडा मागे पडतो आणि गार होत खाली बसताना ताऱ्याच्या वेगाला येऊन मिळतो.

खरा साक्षीदार एप्रिल १९९८ मध्ये मिळाला. सॅक्स जे१८०८.४-३६५८ हा स्रोत दीड वर्षांपूर्वी इटली-नेदरलँड्सच्या बेप्पोसॅक्स उपग्रहाने शोधला होता. तो पुन्हा उजळला तेव्हा रूडी वाइनांड्स आणि मिशिएल व्हॅन डर क्लिस यांना रॉसीच्या नोंदीत ४०१ हर्ट्झचे अखंड स्पंद दिसले. दीप्तो चक्रवर्ती आणि एडवर्ड मॉर्गन यांनी त्याच स्पंदांच्या मागेपुढे होण्यावरून जोडीची कक्षा काढली : सुमारे दोन तासांची. सोळा वर्षं कागदावर असलेला टप्पा डोळ्यांपुढे आला.

हा तारा दर दोन-चार वर्षांनी काही आठवडे उजळतो. २०१९ च्या उद्रेकात ॲस्ट्रोसॅटनेही त्याचं निरीक्षण केलं. प्रत्येक वेळी गिरकीचा वेग पुन्हा मोजायचा आणि आधीच्याशी ताडून पाहायचा, असं करत गेल्यावर वेगळीच गोष्ट दिसली. ज्याच्याकडून वेग घेण्याची अपेक्षा, तो तारा उद्रेकांमधल्या शांत काळात हळूहळू मंदावतो आहे. बदल किती? दहा वर्षांत ४०१ च्या आकड्यातल्या सातव्या दशांश स्थळावर. मंदावण्याच्या या दरावरून ताऱ्याचं चुंबकक्षेत्र काही कोटी गॉसच्या पातळीचं, म्हणजे क्रॅबच्या हजारो पटींनी दुबळं निघतं. सिद्धांताने मिलिसेकंद स्पंदकांना जे क्षेत्र दिलं होतं, तेच.

म्हातारपण वाचण्याची आणखी एक तऱ्हा तापमानाची. केएस १७३१-२६० या ताऱ्यावर साडेबारा वर्षं सलग पदार्थ पडत होता, आणि २००१ च्या सुरुवातीला ते थांबलं. त्यानंतर चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणींनी त्याच्या पृष्ठभागाचं तापमान वर्षानुवर्षं घसरताना पाहिलं. पदार्थाच्या भाराखाली तापलेलं कवच आतल्या गाभ्याशी जुळवून घेत गार होत होतं. किती झपाट्याने गार होतं, त्यावरून कवचातून उष्णता किती सहज वाहते ते कळतं. ताऱ्याच्या पोटात डोकावण्याच्या फार थोड्या वाटा आहेत, त्यांतली ही एक.

आज क्ष-किरण, उद्या रेडिओ

सिद्धांत खरा असेल तर क्ष-किरण तारा कधीतरी रेडिओ स्पंदक व्हायला हवा. हे संक्रमण आपल्या हयातीत दिसेल, असं कुणी धरून चाललं नव्हतं. मग २०१३ च्या वसंतात एम२८ या तारकागुच्छातला एक स्रोत उजळला आणि त्यात ३.९ मिलिसेकंदांचे क्ष-किरण स्पंद मिळाले. जुन्या नोंदी चाळल्या तर हाच तारा २००६ मध्ये रेडिओ स्पंदक म्हणून नोंदलेला होता. उद्रेक शमल्यावर काही आठवड्यांतच तो रेडिओत परत बोलू लागला. त्याच वर्षी जूनमध्ये जे१०२३+००३८ या रेडिओ स्पंदकाने उलटा प्रवास केला : रेडिओ स्पंद गेले आणि तबकडी पुन्हा तयार झाली.

तिसऱ्या उदाहरणात जुन्नर तालुक्यातल्या खोडदजवळची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आली. एक्सएसएस जे१२२७०-४८५९ हा स्रोत रॉसीने एका लक्ष्याकडून दुसऱ्याकडे वळताना टिपलेल्या नोंदींतून सापडलेला. २०१२ च्या अखेरीस त्याचे क्ष-किरण आणि प्रकाश दोन्ही घसरले, तबकडी नाहीशी झाल्याची चिन्हं दिसली. आता तिथे रेडिओ स्पंदक असेल का? पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोल-भौतिकी केंद्राच्या जयंत रॉय, भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना ६०७ मेगाहर्ट्झला त्या जागी रोखल्या आणि १.६९ मिलिसेकंदांचे स्पंद मिळाले.

या तीन ताऱ्यांनी जुन्या चित्रात मोठी दुरुस्ती केली. क्ष-किरण अवस्था संपली, रेडिओ सुरू झाला, असा एकदाच ओलांडायचा उंबरठा इथे नाही. तारा वर्षांच्या, कधी आठवड्यांच्या अंतराने ये-जा करतो. जोडीदाराकडून येणारा पदार्थ थोडा वाढला की तबकडी आत सरकते. थोडा घटला की स्पंदकाचा झोत तिला बाहेर लोटतो.

ये-जा संपून एकटा पडलेला ताराही क्ष-किरणांत अगदी गप्प नसतो. अवकाश स्थानकावर २०१७ मध्ये बसवलेल्या नायसर या उपकरणाने जे००३०+०४५१ या सुमारे हजार प्रकाशवर्षं दूरच्या एकाकी मिलिसेकंद स्पंदकाचे मंद क्ष-किरण दीर्घकाळ गोळा केले. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी त्यांवरून ताऱ्याची त्रिज्या सुमारे १३ किलोमीटर काढली. त्याहून चकित करणारं होतं ते तप्त डागांचं स्थान. पाठ्यपुस्तकाप्रमाणे ते समोरासमोरच्या ध्रुवांवर हवेत. इथे सगळे एकाच गोलार्धात निघाले. पदार्थ खात खात म्हातारा झालेल्या ताऱ्याचं चुंबकक्षेत्र केवळ क्षीण होत नाही, वेडंवाकडंही असू शकतं.

वेगाला मर्यादा कुणाची?

या क्षेत्रातला सगळ्यात हट्टी प्रश्न वेगाचाच आहे. न्यूट्रॉन तारा तुटून पडेल तो वेग सेकंदाला हजार गिरक्यांच्या पुढे आहे. पण आजवर सापडलेला सर्वात वेगवान स्पंदक, टर्झान ५ या तारकागुच्छातला, ७१६ वर थांबतो. २००३ मध्ये दीप्तो चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी रॉसीने मोजलेल्या अकरा ताऱ्यांचे वेग एकत्र मांडले, ते २७० ते ६१९ हर्ट्झच्या दरम्यान होते. याहून वेगवान तारे पाहायला रॉसीला काहीच अडचण नव्हती. तरी ते नव्हते, म्हणजे काहीतरी त्यांना अडवतं.

काय अडवतं? चुंबकक्षेत्र आणि तबकडी यांचा तोल, असं एक उत्तर. २०१७ मध्ये टीआयएफआरचे सुदीप भट्टाचार्य यांनी चक्रवर्तींसोबत दाखवलं, की हे उत्तर दिसतं तितकं पुरेसं नाही. बहुतेक तारे सतत खात नाहीत; ते उद्रेकांच्या काळात खातात आणि मधे उपाशी असतात. हिशेबात हे धरलं तर ताऱ्यांनी आज दिसतात त्याहून बराच जास्त वेग घ्यायला हवा. मग जास्तीची गती कुठे जाते? ताऱ्याच्या कवचावर किंचितसा असमतोल असेल तर फिरता फिरता तो गुरुत्वीय लहरी सोडेल आणि ऊर्जा गमावेल, ही शक्यता त्यामुळे बळावते.

आणि इथे यंत्रांच्या वयाचा प्रश्न येतो. रॉसी जानेवारी २०१२ मध्ये बंद झाला. ॲस्ट्रोसॅटची नियोजित मुदत पाच वर्षांची होती. उपग्रह दहा वर्षं ओलांडून गेला आहे, पण लॅक्सपीसीने झीज सोसली आहे. तीनपैकी एक पेटी मार्च २०१८ मध्ये बंद करावी लागली, दुसरीची मोजणी त्याच महिन्यात अस्थिर झाली, आणि तेव्हापासून भार मुख्यतः तिसरीवर आहे. क्षेत्रफळ तिसऱ्या हिश्शावर आलं की क्षीण स्पंद शोधायला कितीतरी जास्त वेळ द्यावा लागतो. १ जानेवारी २०२४ रोजी गेलेला एक्सपोसॅट हा दुसरा भारतीय क्ष-किरण उपग्रह मुख्यतः किरणांचं ध्रुवीकरण मोजतो. मोठ्या क्षेत्रफळाच्या घड्याळाची जागा तो घेत नाही.

ती जागा भरण्याची निकड आता महाराष्ट्रातही जाणवणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारने तिला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्याची अखंड गुरुत्वीय लहर अजून कोणत्याही वेधशाळेला मिळालेली नाही. तिचा शोध घेताना अमेरिका आणि इटलीतल्या वेधशाळांचं एक आवडतं लक्ष्य म्हणजे वृश्चिकेतला स्को एक्स-१, १९६२ मध्ये रिकार्डो जियाकोनी यांच्या अग्निबाणावरच्या उपकरणाला सापडलेला, सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत. तो भरपूर पदार्थ खातो, तुलनेने जवळ आहे आणि क्ष-किरणांत सगळ्यात तेजस्वी आहे. पण त्याची गिरकी सेकंदाला किती, हे साठ वर्षांनंतरही ठरलेलं नाही. त्यामुळे गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्यांना एका ठरलेल्या वारंवारतेऐवजी शेकडो हर्ट्झचा पट्टा इंच इंच चाळावा लागतो आणि त्यात संगणकांची प्रचंड शक्ती खर्च होते. हा आकडा एखाद्या झेनॉनच्या पेटीने किंवा तिच्या वारसाने एकदा मोजून दिला, तर औंढ्याची वेधशाळा नेमक्या कोणत्या सुरावर कान द्यायचा हे जाणून कामाला लागेल. आणि म्हाताऱ्या ताऱ्यांना ७१६ च्या आसपास कोण रोखतं, याचा निकालही बहुधा तिथेच लागेल.